शेजारच्या घरचं सुतक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढंही नुसतं पुटपुटले. तुम्हाला सांगते. आधी त्यातला मूर्खपणा सांगते, म्हणजे तुम्हाला हसता येईल — आयुष्यात पनीर चाखलेलं नसताना मी ‘पनीर मसाला मिळेल’ असा बोर्ड रंगवून दारात टांगला होता.

वरवंडच्या पुढं हायवे सोडून डोंगराकडं वळलं की आमची दोन घरं. वर उतारावर द्राक्षांच्या बागा आणि वाइनचा कारखाना. वीसेक वर्षांपूर्वी तो नवा होता. रविवारी पुण्याच्या गाड्या वर जायच्या, वाइन चाखून दुपारी खाली यायच्या आणि काच खाली करून विचारायच्या — इथं चांगलं जेवण कुठं मिळेल?

चांगलं एकाच दारी मिळायचं. माझ्या थोरल्या जावेच्या, अक्कांच्या. चुलीवरची हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी. अक्का बोलत बोलत तळहातावर पिठाच्या वळ्या वळायच्या, आणि फोडणीतला लसूण रस्त्यापर्यंत यायचा. शहरातली माणसं घोंगडीवर मांडी घालून बसायची. नाकातून पाणी गळायचं, तरी आणखी मागायची.

आणि माझं पनीर? एका गृहस्थानं फार अदबीनं विचारलं, “मावशी, हे चावायचं की गिळायचं?”

हसलात ना? मी तेव्हा हसले नाही. चाळिशी उलटलेली, शहाणी म्हणून मिरवणारी बाई मी — आत जाऊन रडले. आणि त्याच दुपारी, पाहुणे गेल्यावर, अक्कांनी रोजच्यासारखी हाक मारली, “ये गं शालन, बुडाचं राखलंय तुला.” पातेल्याच्या बुडाला लागलेलं आम्ही दोघी चुलीपाशी बसून पळीनं खरवडून खायचो. त्या दिवशीही खाल्लं. बोटं चाटून खाल्लं.

पुढच्या रविवारी एक मोठी गाडी माझ्या दारात थांबली; रस्त्यावरून आधी माझं घर लागतं, अक्कांचं मागं. आठ-दहा माणसं. शेंगोळीचं घर हेच का, म्हणून विचारू लागली. आणि मी — कसं सुचलं असेल हो? — चेहरा पाडून म्हणाले, “शेजारच्या घरी सुतक आहे. चूल बंद आहे त्यांची.”

शेजारच्या म्हणाले. माझ्या जावेच्या नाही म्हणाले.

बिचारी हळहळली, माझ्याकडं जेवून गेली. मग त्याच्या पुढच्या रविवारी तेच. आणि पुढच्याही. दर वेळी पाहुणे नवे, सुतक मात्र एकच. जिवंत, धडधाकट माणसांच्या घराला मी द्राक्षाचा अख्खा हंगाम सुतकात ठेवलं.

अक्का पीठ मळून बसायच्या. रस्त्याकडं बघत, पदरानं कपाळ पुसत. एकदा म्हणाल्या, “औंदा वरची द्राक्षंच आंबट निघली वाटतं.” तेव्हा बोलता आलं असतं. तिथंच, त्या क्षणी. मी काय म्हणाले? “व्हय, तसंच आसंल.” पहिल्या खोट्यापेक्षा हे दुसरं जास्त टोचतं — का, ते विचारू नका.

अक्कांनी चूल बंद केली. पोरगा कोरेगाव भीमाला कंपनीत लागला होता, तो त्यांना घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावर.

माझा बोर्ड पुढच्या उन्हाळ्यात उतरला. आता रस्त्यावर हॉटेलंच हॉटेलं झालीत. नात मोबाइलवर त्यांचे स्टार मोजते आणि मला विचारते, “आज्जे, कुठं खाऊ?” काय सांगू तिला? मी घरी करून बघितली — तेच हुलगे, तोच लसूण, चूलही तीच, अक्कांकडून मागून घेतलेली. होतात बरी. पण पातेलं खरवडायला लागले की एकाच पळीचा आवाज येतो. आणि दुपारी कुणी दारातून “ये गं” म्हणत नाही. अजून कान तिकडंच असतो, आता या वयातही.

गेल्या महिन्यात कोरेगावला गेले होते. अक्कांचे हात थरथरतात आता; तरी गॅसवर माझ्यासाठी शेंगोळी केली. पहिला घास घेतला. ताट सारलं. म्हणाले, “अक्का, तुम्हाला एक सांगायचं ऱ्हायलंय —”

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली. वर न बघता म्हणाल्या,

“ठाव हाय मला. येक बाई आली व्हती तवाच, घरात कोन गेलं म्हून इचाराया. येवढंच सांग शालन — आपुन येकाच भावकीच्या. सुतक मला लागलं, मंग तुला कसं गं न्हाई लागलं?”