भोईर काका आणि कस्तुराची मादी

काल भोईर काका गेले, आणि मला सुटल्यासारखं वाटतंय.

रागावू नका. आधी ऐका.

काका तीस वर्षं नारपोलीच्या एका लूम कारखान्यात. आधी लूमवर, मग कापड तपासायला. खटखटाटाने कान पार गेलेले. डोळा मात्र असा, की सुटलेला एक धागासुद्धा लांबून दिसायचा.

रिटायर झाल्यावर आमच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपमध्ये आले. रविवारी सकाळी धामणकर नाक्यावर सगळ्यांच्या आधी हजर.

मागच्या हिवाळ्यात गणेशपुरीकडच्या जंगलात कस्तुराची एक मादी दिसली.

आता हा घोळ समजून घ्या. आपल्याकडे थंडीत निळा कस्तूर येतो आणि निळ्या डोक्याचाही येतो. नर सोपे. पहिला अंगभर निळा, दुसऱ्याचं पोट नारिंगी. माद्या मात्र दोघांच्याही मातकट, पोटावर खवले. भलेभले फसतात.

मी जाहीर केलं, "निळ्या कस्तुराची मादी. खडकावर बसलीये बघा."

काका म्हणाले, "न्हाय गो. खडक नको बघू, पोट बघ. पांढऱ्यावर खवलं हायत. डोल्याभवती फिकं हाय. ही निल्या डोक्याची."

ग्रुपमध्ये नवीन लोकांना शिकवते मी. सगळ्यांसमोर मला चूक म्हणतात म्हणजे काय!

"काकांना ऐकू येत नव्हतंच, आता दिसेनासंही झालंय," मी बोलून गेले.

दोघंतिघं हसले. काकांना ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चालले.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

खूप दिवसांनी, त्या मादीचा मी तेव्हा काढलेला फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. पोट पांढरं, त्यावर गडद खवले. डोळ्याभोवती फिकट कडं. काका शंभर टक्के बरोबर होते.

तरी मी गेले नाही. लाज वाटत होती. आज जाऊ, उद्या जाऊ.

मग कळलं, काका अंथरुणाला खिळलेत. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले एकदाची. दार उघडं, खिडकी उघडी, ओट्यावर शेजारणी भाजी निवडत बसलेल्या.

मी फोटो दाखवला. म्हटलं, "काका, माझं चुकलं."

काकांनी कानाला हात लावला. "काय?"

"काका, माझं चुकलं!"

"आं?"

मी जीव खाऊन ओरडले, "तुम्ही बरोबर होता! मी वाट्टेल ते बोलले! मला माफ करा!"

भाजी निवडायची थांबली. अख्खी गल्ली आमच्याकडे बघत होती.

काका गालात हसले.

"पयल्या टायमालाच कललं व्हतं गो. लूमवर कोनाला ऐकू येतं? तीस वर्सं व्हटच वाचलेत मी. बाकी दोनदा गल्लीला ऐकवाया."

म्हणजे त्या दिवशी जंगलातही माझे ओठ त्यांनी वाचले होते.

मी रडायला लागले, तर म्हणाले, "फिटलं आता. च्या घे."

नीट जा, काका.