चिंचेनं घासलेली तबकडी
दिवाळीला देवाची भांडी घासायला चिंच भिजवली, की त्या आंबट वासासरशी मी पूर्वी कामाला होतो तो आखातातला, खलिफा सिटीतला व्हिला आठवतो. तिथल्या म्हाताऱ्या इंग्रज साहेबांकडे माणसाहून उंच, दोनशे वर्षांचं लाकडी घड्याळ होतं. साहेब सुट्टीवर गेले, तेव्हा त्याची काळवंडलेली तबकडी मी चिंच-मिठानं घासून पिवळीधमक केली. परतल्यावर त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. "व्हेरी शायनी," एवढंच म्हणाले. "इनसाइड ऑल्सो क्लीन, सर?" मी खुशीत विचारलं. आठवड्यानं घड्याळ दुरुस्त करणारा आला आणि मला म्हणाला, "पितल पे चांदी थी, भाई. कारीगर ने हाथ से चढाई थी. खलास." साहेबांनी मला कधीच बोल लावला नाही. आजही देवाचा तांब्या लखलखला, की माझी मान खाली जाते.