साडूंचं फुकटचं सॉफ्टवेअर

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मिळून, कुठलीही वस्तू घेण्याआधी ती सोडायची कशी हे विचारणारा माणूस एकच झाला, आणि ते गृहस्थ माझे थोरले साडू लागतात. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. माणसं वस्तूची किंमत विचारतात, फार तर हप्ता विचारतात. साडू विचारायचे, "समजा उद्या नकोशी झाली, तर सुटका कशी?" कूलर घेताना हे विचारलं, स्कूटर घेताना विचारलं, आणि दुकानदारांनी वेड्यात काढलं तरी शांतपणे उत्तराची वाट पाहत उभे राहिले. माझ्या पुतण्याच्या सोयरिकीला आम्ही उदगीरला गेलो होतो. सगळं जुळलं होतं. सुपारी फुटायच्या बेतात मुलीचे मामा हात जोडून म्हणाले, "काही विचारायचं राहिलं असंल तर विचारून घ्या." साडूंनी विचारलं. मुलीकडची माणसं उठून चपला शोधायला लागली. घर त्यांचंच होतं, तरीही.

दुसरी खोड म्हणजे, बंद वस्तू त्यांना बंद ठेववत नसे. आम्ही दिवाळीला नवा मिक्सर आणला. त्यात चटणी फिरायच्या आधी साडूंचा स्क्रू ड्रायव्हर फिरला. बायको रडकुंडीला आली. "अहो साडूभाऊ, गॅरंटी गेली ना!" असं मी म्हणालो, तर आतल्या तारांवरून नजर न काढता म्हणाले, "मशीन तुमची आन् स्क्रू कंपनीचा, हे कसं काय सचिवसाहेब?" मिक्सर त्यांनी पुन्हा नीट बसवला. एक स्प्रिंग तेवढी उरली. मिक्सर मात्र तिच्याशिवाय अजून चालतो, त्यामुळे आमच्या घरात त्या कंपनीविषयी कायमचा संशय निर्माण झाला.

सचिवसाहेब म्हणजे मी. मी लातूरच्या एका शिक्षण संस्थेचा बरीच वर्षं सचिव होतो. एक कॉलेज, आणि मुरुडपासून हिमायतनगरपर्यंत विखुरलेल्या शाळा. साडू त्याच कॉलेजात गणित शिकवायचे. मी सचिव व्हायच्या आधीपासून, हे मी लोकांनी न विचारताही सांगत असे. ते मला जेवायच्या ताटावरसुद्धा सचिवसाहेब म्हणत. त्यात टोमणा होता की आदर, हे मला कधी कळलं नाही, आणि भाकरी मोडताना विचारावंसं वाटलं नाही.

संस्थेत कॉम्प्युटर आले, आणि प्रवेश, फी, पगारपत्रकं, ग्रंथालय हे सगळं त्यांवर घ्यायचं ठरलं. मग प्रश्न आला सॉफ्टवेअरचा. एक रस्ता कंपनीचा होता: दर कॉम्प्युटरमागे दरसाल परवान्याचे पैसे भरायचे, आत काय आहे ते विचारायचं नाही. दुसरा साडूंचा. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, आतून उघडं, कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं असं सॉफ्टवेअर; त्याला परवान्याचा पैसा पडत नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत साडूंनी हे समजावून सांगितलं. आमचे अध्यक्ष आप्पा, डाळ मिलचे मालक, यांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "चांगलं हाय. बनिवणाऱ्याला बोलवा. उद्घाटनाला शाल घालू."

"बनवणारे हजारो हायेत, आप्पा. देशोदेशी."

"मग त्यातला मुख्य माणूस बोलवा."

"मुख्य कुणी न्हाई."

आप्पांचा चेहरा पडला. आमच्याकडं सत्काराशिवाय नळाची तोटीसुद्धा सुरू होत नाही. "मालक न्हाई, मुख्य न्हाई, पैसे घेत न्हाई," आप्पा सगळ्यांकडं बघत म्हणाले, "अशी वस्तू एक तर देवाची असती, न्हाई तर चोरीची." दुसरे एक संचालक म्हणाले, "आन् बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या? कंपनी असली म्हंजे फोन लावून झाडता तरी येतं." या मुद्द्यावर सगळ्या बैठकीनं माना डोलावल्या. तेव्हा साडू उभे राहिले आणि म्हणाले, "शिव्या मला द्या." ठराव मंजूर झाला. उद्घाटनाच्या दिवशी शाल कॉम्प्युटरच्या पडद्यालाच पांघरली. फोटो निघाला. त्यात सगळे संचालक आहेत. साडू टेबलाखाली होते, कारण वायर निघाली होती.

त्यांनी दिलेला शब्द लोकांनी मनावर घेतला. मुरुडच्या शाळेतल्या कारकून बाई फोन करत, "सर, तुमचं फुकटचं परत अडकलं बगा." साडू म्हणत, "बंद करून चालू केलं का?" "केलं की." "शिव्या दिल्या का?" "त्या आदी दिल्या." "मग येतो." आणि खरोखर एसटी धरून जात. गळ्यात इष्टलिंग, आणि शेजारी वेगळ्या दोऱ्यात पेन ड्राइव्ह. दोन्ही अंघोळीच्या वेळी कुठं ठेवायची याचे त्यांचे नियम ठरलेले होते. सगळं सुरळीत चाललं असं मी म्हणणार नाही. एका वर्षी ऐन प्रवेशाच्या दिवसांत प्रिंटरनं त्या सॉफ्टवेअरशी बोलणंच टाकलं. पावत्या हातानं लिहाव्या लागल्या, पालक ओरडले, आणि साडू प्रिंटरसमोर मांडी घालून असे बसले होते की जाणारे-येणारे त्यांना नमस्कार करून गेले. पण चाललं. वर्षानुवर्षं चाललं.

दर वार्षिक सभेत मी उभा राहून सांगायचो, "सॉफ्टवेअरवरचा खर्च: शून्य." टाळ्या पडायच्या. एकदा सभेनंतर साडू मला म्हणाले, "सचिवसाहेब, ते शून्य काढा तिथून." आमच्या मठात दरवर्षी दासोह असतो, येईल त्याला पोटभर जेवण, पैसा नाही. त्याचाच दाखला त्यांनी दिला. "दासोहात पैसे लागत न्हाईत, म्हणून ते फुकट हाय का? कणीक कुणीतरी मळतंय की. जेवला त्यानं उठून वाढू लागायचं, तर ते चालतं. आपली संस्था नुसती पंगतीला बसून राहिली. परवान्याचे वाचलेले पैसे माणसांवर घाला. एक पोरगं नेमा, मी शिकवतो. कारकुनांना शिकवू. माझ्यामागं कोण बघंल हे?"

बोलणं बरोबर होतं. पण मला भीती होती ती वेगळीच. साडूंच्या सांगण्यावरून माणूस नेमला असता, किंवा त्यांना जाण्यायेण्याचा खर्च जरी दिला असता, तरी गावानं म्हटलं असतं, सचिव साडूला पोसतोय. माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून मी त्यांना एसटीच्या तिकिटाचेही पैसे दिले नाहीत. वाचलेल्या पैशांतून कॉलेजच्या दारात कमान बांधली. कमान देखणी झाली. तिच्यावर सगळ्या संचालकांची नावं आहेत; माझं डावीकडून दुसरं.

साडू निवृत्त झाले, गुडघे गेले, आणि वर्षभरात सगळं अडखळायला लागलं. ते सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. सांभाळायला आम्ही कुणाला शिकवलंच नव्हतं. मग पुण्याहून एका कंपनीचा तरतरीत मुलगा सुक्यामेव्याचा डबा घेऊन आला. सॉफ्टवेअर चांगलं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. फोन केला की गोड आवाजाची मुलगी बोलायची. मुख्य म्हणजे त्या मुलाला शाल घालता आली. आता ती कंपनी दरसाल दर वाढवते. एकदा सोडायचं ठरवलं, तर आमच्याच विद्यार्थ्यांच्या नोंदी बाहेर काढून द्यायला तिनं वेगळे पैसे मागितले. संस्था मुकाट्यानं त्या कंपनीकडंच राहिली. साडूंना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पुण्याचं पोरगं हुशार होतं."

कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं त्या वर्षीच्या सभेत कुणीतरी विचारलं, जुनं का काढलं? आप्पा म्हणाले, "फुकटचं होतं. फुकटासारखंच चाललं." सगळी सभा हसली. साडू अक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, घेऊन तिसऱ्या रांगेत बसले होते. माइक माझ्या हातात होता. मी आभार मानले आणि चहाला चला म्हणालो.

हे सगळं त्या माइकवर सांगायला हवं होतं, ते आता लिहितोय. त्या सॉफ्टवेअरला खर्च होता. तो संस्थेच्या वतीनं एका माणसानं आपल्या संध्याकाळांनी आणि गुडघ्यांनी भरला, आणि मी त्याला शून्य म्हणत राहिलो.

साडू आता नांदेडला मुलाकडं असतात. मागच्या महिन्यात गेलो होतो. गच्चीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी म्हटलं, "साडूभाऊ, जे झालं ते सगळं लिहून काढतोय."

"कुणासाठी?"

"लोकांसाठी. खरं काय ते कळावं."

"आता लोकांना काय पडलंय सचिवसाहेब." मूठभर दाणे त्यांनी माझ्यापुढं सरकवले. खाली स्वयंपाकघरात अक्कांची भांड्यांची आदळआपट चालली होती. ती ऐकत त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. "पण लिहा. हिला अजून वाटतं, माझं काम खराब होतं म्हणून काढलं. मी कधी काही बोललो न्हाई. मी सांगून काय उपयोग, नवराच तो. तुम्ही लिवलेलं वाचून दाखवीन."

मी मान हलवली. मग तेच म्हणाले, "फक्त लांबवू नका. ती ऐकता ऐकता झोपती."

तेव्हा अक्का, झालंच. यांचं काम चांगलं होतं.