सातच्या मिसाआधी ब्याण्णव पिल्लं

रविवारी सकाळी सव्वासातला मी गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर एका रिकाम्या टबापुढे उभा होतो. नऊ वाजता मंत्री येणार होते. त्यांच्या हस्ते कासवाची पिल्लं समुद्रात सोडायची होती. पिल्लं नव्हती. कुंपणाच्या फाटकापासून पाण्यापर्यंत वाळूवर बारीक रेघांचा एक पट्टा गेला होता. तो संपत होता तिथून पुढे समुद्र होता आणि समुद्र माझ्या हद्दीत येत नव्हता.

मी तेव्हा वनखात्याचा, त्या भागाचा रेंज ऑफिसर होतो. किनाऱ्यावर आमची हॅचरी होती. हॅचरी म्हणजे कुंपण घातलेली वाळू. मादी अंडी घालून निघून जाते. ती अंडी कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून आम्ही उचलून कुंपणात पुरतो आणि वर तारीख व संख्या लिहिलेली पाटी लावतो. पन्नासेक दिवसांनी वरची वाळू बशीसारखी खचते. मग एक-दोन दिवसांत पिल्लं वर येतात. शनिवारी दुपारी एका खड्ड्यावर बशी दिसली. पाटीवर अंडी एकशे तेरा. मी ही आनंदाची बातमी फोनवर वरिष्ठांना कळवली. तिथे चुकलो. संध्याकाळपर्यंत मंत्र्यांचा कार्यक्रम ठरला.

हॅचरीवर दोन वॉचर. महादेव शिगम्याच्या सणासाठी रजेवर गेला होता. उरला रुझार. पन्नाशीचा, पूर्वीचा मासेमार, बारा वर्षं रोजंदारीवर. कायम करायच्या वॉचरांची यादी सोमवारी माझ्या सहीने जायची होती. तिच्यात पहिलं नाव त्याचं होतं. ही संधी गेली तर पुढची यादी निघेपर्यंत त्याचं वय उलटलं असतं.

रुझारचा एक नियम होता. पयलो देव. जाळ्यातला पहिला मासा चर्चला. चहाच्या पहिल्या घोटाआधी खूण खुरसाची, म्हणजे कपाळ, छाती, दोन्ही खांदे. फेणीच्या ग्लासाआधीही तीच. देवाला त्याने कशातूनच वगळलं नव्हतं. लहानपणी त्याने कासवाची अंडी भरपूर खाल्ली होती. तरुणपणी पाद्रीपुढे कुमसार, म्हणजे पापाची कबुली, देताना त्याने तेही सांगून टाकलं. पाद्रीने प्रार्थना म्हणायला सांगितल्या. रुझारला ती शिक्षा कमी वाटली आणि तो आमच्याकडे लागला.

शनिवारी संध्याकाळी मी त्याला सांगितलं, "पिल्लं वर आली की टबात घाल. ओलं पोतं टाक. नऊ वाजेपर्यंत सोडायची नाहीत."

"सायबा, फाल्यां आयतार. सातांचें मीस." म्हणजे उद्या रविवार, चर्चमध्ये सातची प्रार्थना.

"एक रविवार चुकला तर देव काय मेमो काढणार आहे?"

"देव मेमो काढिना. तो एकदम फायल बंद करता."

"बरं, मिसाला जा. पिल्लं टबात ठेवून जा."

"आनी कावळे?"

"झाकण लाव."

"झाकण लायल्यार तीं मरतलीं."

"रुझार, हा वरून आलेला आदेश आहे."

त्याने एकदा वर आभाळाकडे पाहिलं. मी तोच होकार समजलो.

पिल्लं का थांबवायची नसतात, तेही सांगतो. अंड्यातून निघताना त्यांच्या पोटात थोडी शिदोरी असते. पहिले एक-दोन दिवस त्या जोरावर ती खोल पाण्याकडे पोहत सुटतात. टबात ठेवली तर तिथेच हातपाय मारून ती शिदोरी संपवतात. वर ऊन लागलं तर तेवढ्याचीही गरज उरत नाही. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. फोन आल्यावर आठवलं नाही.

तर रविवारी मी टब सोडून चर्चकडे निघालो. मीस चालू होतं. रुझार दुसऱ्या बाकावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याने मला दारात पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मागच्या बाकावरची एक म्हातारी सरकली. "बस रे पुता, उबो कित्याक?" मी बसलो. पाद्री सांगत होता की देवाला आपण उरलेला वेळ देतो, जसं कुत्र्याला उरलेलं जेवण. सगळे माना हलवत होते. मी घड्याळ पाहत होतो. म्हातारीने माझ्या घड्याळाकडे पाहिलं. मी हात खिशात घातला.

आठ वाजता तो बाहेर आला.

"पिल्लं कुठायत?"

"गेलीं."

"कुठे?"

"दर्यांत. आनी खंय वतलीं? म्हापशां?"

"मी काय सांगितलं होतं?"

"सायबा, तीं पांचांक वयर आयलीं. टबात घालून रावलों जाल्यार म्हजें मीस चुकतालें. टबात घालून गेलों जाल्यार तीं मरतालीं. सोडलीं आनी न्हावन आयलों."

"उद्याच्या यादीत तुझं नाव आहे, हे माहीत आहे ना?"

"खबर आसा." एवढं म्हणून तो चहा प्यायला गेला. आधी खूण केली.

नऊला माझे वरिष्ठ आले. पट्टा पाहिला, टब पाहिला, मला पाहिलं.

"दुसरा खड्डा उकर."

"सर, तिथली अजून तयार नाहीत."

"मग त्या माणसाचं नाव काप. आणि मेमो काढ."

मी "हो सर" म्हणालो. महादेवचा देव शिगम्यात होता, रुझारचा चर्चमध्ये. माझा समोर उभा होता.

मंत्री पावणेबाराला आले. वाटेत धारगळला एक उद्घाटन लांबलं होतं. मी वाट पाहताना उन्हाने तापलेल्या टबाच्या कडेला हात टेकवला आणि लगेच काढून घेतला. रुझार हे पाहत होता. याचा मला राग आला.

"पिल्लं कुठे आहेत?" मंत्र्यांनी विचारलं.

वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुझारकडे.

"साहेब, तुमची वाट पळयतालीं," रुझार म्हणाला, "पूण तांकां घाई आशिल्ली."

मंत्री हसले. त्यांनाही जेवायची घाई होती. ते टबावर वाकले, फोटो निघाला, गाड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. मंत्र्यांच्या हस्ते एकशे तेरा पिल्लांना समुद्रात सोडलं. प्रेस नोट शनिवारीच टाइप झाली होती. संख्या पाटीवरून घेतलेली. एकही अंडं वाया गेलं नव्हतं.

आता वहीचा प्रश्न होता. हॅचरीच्या वहीत रुझारच्या अक्षरात नोंद होती: पाच वीस, पिल्लं ब्याण्णव, सोडली. वरिष्ठांनी रविवारीच त्याला वेळ बदलायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "आज जमचें ना. सकाळीं कुमगार घेतला." म्हणजे देवाचा प्रसाद. "त्याच दिसा फट कशी बरोवं?" फट म्हणजे खोटं.

"मग उद्या बदल."

"फाल्यां पळयतां," असं सांगून तो गेला. सोमवारी त्याने सकाळी रोजचं मीस ऐकलं आणि पुन्हा तेच कारण दिलं. मंगळवारीही. तो आठवडाभर मिसाला गेला असता, याबद्दल वरिष्ठांना शंका उरली नाही आणि नोंद तशीच राहिली.

त्याआधी, सोमवारी दुपारी, मी मेमोचा मसुदा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. कारण लिहिलं होतं: आदेश डावलून सकाळी पाच वीसला पिल्लं सोडली. सोबत वहीच्या पानाची प्रत. वरिष्ठांनी ते वाचलं. टेबलावर पेपर होता. त्यांनी तोही पुन्हा वाचला.

"हे फाइलला लागलं तर मंत्र्यांनी काय सोडलं?"

"टब, सर."

त्यांनी मसुदा फाडला. शिक्षेला कारण हवं होतं आणि ते कारण घडलंच नसल्याचं छापून आलं होतं. नाव कापायलाही तेच कारण लिहावं लागलं असतं. यादी गेली. पहिलं नाव रुझारचं होतं. सहा महिन्यांनी तो कायम झाला. त्याची ऑर्डर मी त्याच्या हातात दिली. ती उघडण्याआधी त्याने काय केलं हे सांगायला नको.

पुढच्या मोसमात मी ड्यूटीचा तक्ता नव्याने केला. रविवार, सकाळी साडेसहा ते आठ: रेंज ऑफिसर. बदली होईपर्यंत तो वेळ मी हॅचरीवर बसून कावळे हाकलले. आणि वाळूवर बशी दिसली की पिल्लं समुद्रात पोचेपर्यंत फोन करत नसे.