'मफी' लिहिलेला चौकोन

रेचल, नोएल,

आजोबा गेल्याला महिना झाला, त्यासाठी चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्सेनंतर व्हिडिओ कॉलवर रेचलने विचारलं, "आजी, व्हॉट डिड ही ॲक्च्युअली डू?" तुमची आई मधेच म्हणाली, "ही सोल्ड ॲड्स." तिचं चुकलं नव्हतं. पण कॉल बंद झाल्यावर वाटलं, एवढंच तुमच्याकडे राहिलं तर... म्हणून आता लिहिते. मराठीत लिहिते, कारण आमचं बोलणं आणि भांडणही मराठीत व्हायचं. अडाल तिथे आईला विचारा.

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी त्यांच्या शर्टाला इस्त्री करत होते. तो शर्ट पुरा केला, घडी घातली, मग निघाले. पासपोर्ट, रेसिडेंट कार्ड, सगळं एका फाइलमध्ये होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मम्मा, यू आर सो ऑर्गनाइज्ड." मला अजून रडू आलेलं नाही.

आजोबा इथे आखातात सरकारी रेडिओच्या जाहिरात विभागाचे प्रमुख होते. रेडिओ लोकांच्या सेवेसाठी, पण थोडाफार खर्च जाहिरातींतून निघावा म्हणून हा विभाग. झल्लाकची हॉटेलं, गाड्यांची शोरूम, सोन्याची दुकानं, सगळ्यांना ते तीस-तीस सेकंद विकायचे, आणि मन लावून विकायचे. फक्त सकाळच्या इंग्रजी बातम्यांआधीची पाच मिनिटं त्यांनी कधी विकली नाहीत. तेव्हा सूचना वाचल्या जात. कुणाचा पासपोर्ट हरवलाय, हिद्दला पाणी बंद आहे, अमुक गटाचं रक्त हवंय. वेळापत्रकातल्या त्या चौकोनात आजोबा पेन्सिलीने 'मफी' लिहायचे. तोडकीमोडकी अरबी बोलणारे आपले लोक 'नाही'ला मफी म्हणतात. एकदा नव्या टायपिस्टला वाटलं, हे कंपनीचं नाव. तिने 'मेसर्स मफी' यांना आभाराचं पत्र टाइप केलं, नियमित ग्राहक म्हणून खास सवलतीसकट. आजोबांनी ते घरी आणून वाचून दाखवलं. "बघ हिल्डा, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक!"

मग एका सरबताच्या कंपनीला तीच पाच मिनिटं हवीशी झाली. वरचे साहेब तयार होते. आजोबांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, आमचा सगळ्यांचा व्हिसा त्यावर, आणि तुमची आई दहावीत.

"सूचना राहतीलच म्हणतात," ते म्हणाले. "फक्त मधे मधे जाहिरात."

"मग झालं तर. सही कर."

"आणि माणसाने फोन नंबर कधी लिहून घ्यायचा? रक्त हवंय म्हणायचं आणि लगेच थंडगार सरबत प्या?"

"तुझी कोण मावशी तिथे रक्ताची वाट बघत पडलीय, विन्सेंट? पाच मिनिटांसाठी घर उठवणार आहेस?"

ते बुटांना पॉलिश करत बसले.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, या वेळेचा दर काय? इतकं सुंदर इंग्रजी बोलणारा माणूस, पण तोंडून शब्द निघाला, "मफी." साहेब म्हणाले, "विन्सेंट, माझ्या घरी असं फक्त माझा ड्रायव्हर बोलतो." आजोबा म्हणाले, "तो बरोबर बोलतो, सर." कुणी हसलं नाही.

पुढचे कितीतरी आठवडे कॉन्ट्रॅक्टचं काहीच कळेना. मी खोके आणून काचेची भांडी भरायला घेतली. बुसैतीनच्या आमच्या घरातल्या छोट्या हॉलमध्ये आजोबा रोज खोक्यांना वळसा घालून जेवायला यायचे. कशाला भरतेस, असं एकदाही म्हणाले नाहीत. शेवटी कॉन्ट्रॅक्ट वाढवल्याचं पत्र आलं. मी भांडी पुन्हा कपाटात लावली, आणि विषय खलास.

माझं चुकलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगेन कधीतरी, असं वाटत राहिलं. वर्षं पुष्कळ होती... त्यांनीही कधी विचारलं नाही.

परवा सकाळी मी रेडिओ लावला. जाहिरात विभागात आता दुसरं कुणी आहे, मी त्यांना ओळखत नाही. एका रुग्णासाठी रक्त हवं होतं. सूचना वाचणाऱ्या बाईंनी नंबर वाचला, मग पुन्हा सावकाश वाचला. नंतर थोडा वेळ काहीच वाजलं नाही. मी नंबर लिहून घेतला. त्यानंतर बातम्या सुरू झाल्या.

ती पाच मिनिटं अजून कुणी विकलेली नाहीत.