बाणूबाईचा साचा

माझ्या आजोबांची थोरली वहिनी बाणूबाई हिला अक्षर येत नव्हतं, पण गोळी ओतायचा साचा खरा की खोटा हे ती हातात घेऊन सांगायची. हे कळणं तिला फार महागात पडलं होतं.

आमची वाडी मन्नाएखेळ्ळीच्या उत्तरेला, बिदरच्या वाटेवर तीन कोसांवर. दहा-बारा घरं, सगळी मेंढरंवाल्यांची. बाणूबाईचा नवरा लिंगाप्पा याच्याकडं सरकारी परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. कळपावर लांडगे यायचे, जोंधळ्यात रानडुकरं घुसायची, म्हणून परवाना मिळाला होता. नेम लिंगाप्पाचा, पण गोळ्या ओतायच्या बाणूबाईनं. चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचं, अडकित्त्यासारख्या दोन जबड्यांच्या साच्यात वरच्या भोकातून ओतायचं, जबडा उघडला की गोळी बाहेर. भाकरी थापावी तितकं ते तिच्या अंगवळणी पडलं होतं.

त्यांचा जुना साचा मोडला, तेव्हा लिंगाप्पानं जत्रेतून एक नवा आणला. दिसायला झकझकीत होता. पण त्याचे दोन जबडे नीट जुळत नव्हते, आणि प्रत्येक गोळीच्या कमरेला शिशाची बारीक कड राहायची. बाणूबाई ती कड सुरीनं खरवडून काढायची. एक दिवस मेंढरं कातरायची घाई होती. तिनं गोळ्या तशाच पिशवीत टाकल्या. म्हणाली, एवढ्यानं काय होतंय.

त्याच आठवड्यात डुकरामागं गेलेल्या लिंगाप्पाची गोळी नळीत निम्म्यावर अडकली. ठासायचा गज मारून ती तळाच्या दारूवर बसली असं त्याला वाटलं, पण मधे पोकळी राहिली होती. बार काढला आणि नळीच फुटली. उजवा हात मनगटापासून गेला. हात सुजत खांद्यापर्यंत काळा पडला आणि पंधराव्या दिवशी लिंगाप्पा वारला. कड खरवडली नव्हती हे बाणूबाईनं कुणाला सांगितलं नाही. साचा तिनं दगडावर ठेचला.

त्याला सात वर्षं झाली. अठ्ठेचाळीस साल उजाडलं आणि आमच्या भागात निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या टोळ्या फिरू लागल्या. एका गावातून धान्य नेलं, दुसऱ्यात घरं जाळली, अशा बातम्या रोज यायच्या. माझे आजोबा तुळजाराम, म्हणजे लिंगाप्पाचा धाकटा भाऊ, कुठून तरी दोन जुन्या ठासणीच्या बंदुका घेऊन आले. दारू होती, शिसं होतं. गोळ्या नव्हत्या.

"वैनी, साचा आणावा लागतंय," ते म्हणाले. "अन् त्यो तूच बगून आण."

"मी न्हाई," बाणूबाई म्हणाली.

"कामून?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "कुणाचा तरी हात जाईल."

"म्हणून तर तुला म्हणायलोय. वाईट साचा आला तर आमचेच हात जातील. तुझ्याबिगर कुणाला कळतंय?"

या बोलण्यापुढं तिचं काही चाललं नाही.

चैत्रात ती चार घोंगड्या गाडीत टाकून विकायच्या निमित्तानं निघाली. बिदरच्या अलीकडं नौबादला खाजामियाँ नावाचा म्हातारा लोहार होता. लिंगाप्पाच्या बंदुकीचा घोडा तोच दुरुस्त करायचा. बाणूबाईनं लिंगाप्पाच्या वेळची एक चांगली गोळी पदराच्या गाठीत मापाला घेतली होती. ती तिनं त्याच्यापुढं ठेवली.

"क्या मारना है, अम्मा?"

"रानडुकरं लई झालीत."

खाजामियाँनं गोळी उचलली आणि तिच्याकडं पाहिलं. त्याच्या दुकानासमोरून त्याच वेळी खाकी कपड्यातली चार-पाच माणसं घोषणा देत गेली. ती लांब जाईपर्यंत तो भाता ओढत राहिला. मग त्यानं आतून तीन साचे आणून घोंगडीवर मांडले.

पहिला पितळेचा, देखणा. बाणूबाईनं तो मिटून उन्हाकडं धरला. जबड्यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली. तिनं तो बाजूला सारला. दुसऱ्यात फट नव्हती, पण जबडे धरून हलवले तर बिजागरीची खीळ डुगडुगली. आज जुळतोय, शंभर गोळ्यांनंतर जुळणार नाही, असं म्हणून तोही सारला. तिसरा काळा, ओबडधोबड लोखंडाचा. उजेड आला नाही, खीळ हलली नाही. तिनं आत करंगळी घालून फिरवली.

"ओतून दावा," ती म्हणाली.

म्हातारा हसला. त्यानं भट्टीवर शिसं वितळवलं. पहिल्या दोन गोळ्या सुरकुतल्या, कारण लोखंड अजून गार होतं. तिसरी गुळगुळीत निघाली. बाणूबाईनं निवलेली गोळी परातीत सोडली. वाकडी गोळी घरंगळताना एका अंगाला कलते. ही सरळ गेली. गोळीच्या कमरेवर नख फिरवलं, कुठं अडलं नाही. जुनी गोळी शेजारी ठेवली. दोन्हीत फरक कळेना.

"ये मेरे बाप का बनाया हुआ है," खाजामियाँ म्हणाला. "ले जाव. डुकरांवरच चालू दे, अम्मा."

ती मान खाली घालून उठली.

पुढं तीन महिने ती गोळ्या ओतत राहिली. प्रत्येक गोळी परातीत सोडून बघायची. जी जराशी कलली ती परत पळीत. तुळजाराम चिडायचे, "एवढं कशाला बगायलीस?" ती पुढची गोळी परातीत सोडायची.

श्रावणात, सकाळी न्याहारीच्या वेळेला, टोळी आली. वीस-पंचवीस माणसं, काहींकडं बंदुका, बाकीच्यांकडं भाले. वाडीच्या तोंडाला दगडी कुंपणाआड तुळजाराम आणि आणखी एकजण बसले होते. दोघांनी बार काढले. पुढं चालणारा माणूस पडला आणि बाकीचे ओढा ओलांडून पळाले. वाडीतलं एकही माणूस दुखावलं नाही. लोक ओरडत, नाचत बाणूबाईच्या दाराशी आले. "तुझ्या गोळीनं वाचिवलं!" म्हणाले.

ती पडलेल्या माणसाकडं गेली. तो दस्तगीर होता, मन्नाएखेळ्ळीचा पिंजारी. दरवर्षी दिवाळीनंतर यायचा, गाद्यांचा कापूस पिंजायचा, तिच्याच ओसरीवर जेवायचा. त्याच्या हातात काही नव्हतं. वाट दाखवायला त्याला धरून आणलं होतं, असं पुढं काहीजण म्हणाले. काहीजण म्हणाले, आपल्या पायानं आला. खरं काय ते बाणूबाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो लगेच मेला नाही. पोटात गोळी होती. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो पाणी मागत राहिला. लोक म्हणाले, पाणी देऊ नको, मरंल. तिनं ओला पदर त्याच्या ओठांना लावला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा त्यानं मान टाकली.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. वाडीत गुलाल उधळला. पण दुसऱ्याच दिवशी तुळजाराम आणि आजूबाजूच्या गावचे दहा-बाराजण बाणूबाईकडं आले. आता हिशेब चुकता करायचा, रस्त्याकडच्या मुसलमानांच्या वस्तीवर जायचं, गोळ्या हव्यात.

"संपल्या," ती म्हणाली.

"मग ओत."

"साचा विहिरीत टाकला."

तिनं खरंच टाकला होता, त्याच पहाटे. तुळजारामांचा चेहरा लाल झाला. "आपल्या वाडीवर चालून आले व्हते ते. इसरलीस?"

"चालून आले ते पळाले, भावजी. वस्तीत बायका-लेकरं हायती."

त्यांनी शिवी हासडली आणि गेले. तिच्या नकारानं काही अडलं नाही. कुणाकडं तरी दुसरा साचा होता, आणि साचा नसता तर कुऱ्हाडी होत्याच. दुपारी रस्त्याच्या बाजूला धूर दिसला. माझे आजोबा तिथं होते. त्यांनी काय केलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. चार वर्षं ते वहिनीशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मेंढवाड्यात तिला एक बाई लपलेली सापडली. हुसेनबी, दस्तगीरची आई. वस्तीवर बहिणीकडं आली होती, तिथून जीव घेऊन पळाली होती. बाणूबाईनं तिला लोकरीच्या ढिगामागं ठेवलं, नऊ दिवस. भाकरी घोंगडीखालून न्यायची. वाडीतल्या दोघी-तिघींना कळलं होतं, त्या काही बोलल्या नाहीत.

चौथ्या की पाचव्या दिवशी बाणूबाईनं तिला सांगून टाकलं. "तुझ्या लेकाला लागलेली गोळी मी ओतली व्हती."

हुसेनबीनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "कहाँ लगी?"

"छातीत."

"जल्दी गया?"

"व्हय. लगीच. कळलं सुदीक न्हाई त्याला."

हुसेनबी मग रडली. रडून झाल्यावर तिनं भाकरी खाल्ली. रस्त्यावर फौजेच्या गाड्या नीट फिरू लागल्यावर बाणूबाईनं तिला स्वतः गाडीवाटेपर्यंत सोडलं. ती गुलबर्ग्याला भावाकडं गेली म्हणतात. पुन्हा भेट झाली नाही.

बाणूबाई त्यानंतर तीस वर्षं जगली. मेंढरं विकली, लोकांच्या शेतात खुरपायला गेली. तिनं हे सगळं मला एकदाच सांगितलं, मी कॉलेजात होतो तेव्हा, शेंगा फोडता फोडता. सांगून झाल्यावर म्हणाली, "पोटात लागली व्हती, अन् मी छातीत म्हणले. पाणी मागत मेला, अन् मी लगीच म्हणले. तिला खरं सांगायला पायजे व्हतं का रं?"

 तिनं माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही, पुढची शेंग उचलली.