रुक्मीचा सोलो

किस्से गोळा करायला बँडवाल्याला कुठं जावं लागत नाही. वरात एका चौकात अडकली की एक किस्सा घडतो, आणि आमच्या आष्टीकडं वरात प्रत्येक चौकात अडकते! पण त्या दुष्काळाच्या वर्षी लग्नं कमी झाली आणि किस्से मात्र वाढले. कारण एकच, आमची रुक्मी.

रुक्मी म्हणजे संपत धनगराची लेक आणि आमच्या बँडपार्टीत ट्रंपेट वाजवणारी पहिली पोरगी. पार्टी माणिकमास्तरांची, रुक्मीही त्यांनीच घडवलेली. मी आपला मागच्या रांगेत क्लॅरोनेट फुंकणारा. बारावी झाल्यावर रुक्मीनं पुण्याच्या एका संगीत कॉलेजात अर्ज केला आणि तिकडून ऑडिशनसाठी एक सोलो आला. मोबाईलवर तो सगळ्या पार्टीनं ऐकला. मधे असा पळता तुकडा की पिस्टनवरची बोटं दिसू नयेत, आणि शेवटी एक उंच सूर, श्वास संपेपर्यंत धरायचा. यात जमलं नाही तर बापाबरोबर मेंढरं वळायची आणि आलेलं पहिलं स्थळ बघायचं, असं घरात ठरलेलं.

मास्तरांनी सोलो परत एकदा ऐकला आणि म्हणाले, "लई अवघड हाय. म्हंजे आपल्यासाठीच धाडलाय."

*

मास्तरांचा कायदा कडक. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं नाचता नाचता माझ्यासमोर हात वर केला. मला वाटलं, थांबा म्हणतोय. मी थांबलो, माझ्यामुळं बाकीचे थांबले, आणि मामा एक पाय हवेत धरून भर रस्त्यात उभा!

मास्तर मागं वळले. "हात वर म्हंजे होऊ द्या, बे! मांडव आल्याबिगर थांबायचं न्हाई."

सगळी वरात मला हसली. रुक्मी तेव्हा पार्टीत नवीन होती. ती हसली नाही. तिनं ते पाठ करून टाकलं.

*

आमचं सगळं शिक्षण चालता चालता होतं. डावा पाय पडला की श्वास घ्यायचा, हा आमचा हिशेब. ऑडिशनला मात्र एका जागी उभं राहून वाजवायचं होतं आणि तिथंच घोडं अडलं. पाय थांबले की रुक्मी गुदमरायची. गावच्या विकास सोसायटीचं गोदाम त्या वर्षी रिकामं पडलेलं, चेअरमननी सरावाला त्याची किल्ली दिली. पोरगी सोलो आतल्या भिंतीपाशी सुरू करायची आणि संपवायची ते दारात.

मास्तर रागावले, समजावून थकले. तोड काढली संपतनं. या माणसानं तोवर ट्रंपेटबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. एका सकाळी त्यानं लेकीला माळावर नेलं, मधोमध उभं केलं आणि सगळी मेंढरं तिच्या भोवती दाटीनं बसवली. पाऊल टाकायला जागा म्हणून ठेवली नाही.

"आता चाल बघू," म्हणाला.

रुक्मी उभ्यानं श्वास घ्यायला शिकली. मेंढरं रवंथ करत ऐकायची आणि संपत त्यांच्याहून मन लावून ऐकायचा. आम्ही बघतोय असं दिसलं की तेवढ्यापुरता काठी आपटायचा.

*

गोदामाचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला. एकानं उठून विचारलं, गोदामात खत नाही, बियाणं नाही, मग कुलूप कशाला? आत ठेवलंय काय?

चेअरमन एरवी प्रश्न आला की चहा मागवतात. त्या दिवशी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "रुक्मी ठिवलीय."

 सभेत टाळ्या पडल्या.

*

ट्रंपेट आतून धुवावं लागतं, नाहीतर पिस्टन अडकतात. पण प्यायलाच पाणी नाही, तिथं ट्रंपेटला कोण देणार? टँकर आला की कोंडाबाईंच्या पुढं घागर लावायची सरपंचाचीही छाती नव्हती. त्याच कोंडाबाईंनी एक दिवस रुक्मीला रांगेतून हाक मारली आणि भरला तांब्या तिच्या हातात दिला.

"धू," म्हणाल्या. "पण पाणी सांडू नगं, माझ्या कढीपत्त्याला घाल."

तो कढीपत्ता त्या उन्हाळ्यात गावात सगळ्यात हिरवा होता.

*

शेवटचा उंच सूर काही केल्या पुरेना. मास्तरांनी तिला साखर कारखान्याचा भोंगा आठवायला सांगितला. ऊसच नसल्यानं सहकारी कारखाना बंद होता आणि भोंगा मुका होऊन बसलेला. भोंग्यासारखा धर, म्हणाले, सरळ आणि न हलता.

एका सकाळी कारखान्याची पाळी बदलायच्या ऐन वेळेला रुक्मीनं माळावरून तो सूर धरला. धरला तो सोडेचना! आणि खालच्या वाडीतून कामगार डबे घेऊन सायकलींवर निघाले. गेटवरच्या वॉचमननं त्यांना बघून टोपी घातली, कुलूपही काढलं. खरं काय ते कळल्यावर कामगार चिडतील असं मला वाटलं होतं. ते तसेच माळावर आले, डबे सोडले आणि सोलो पहिल्यापासून ऐकून गेले.

मास्तर डोळे पुसत म्हणाले, "आता पुण्याला जाऊ."

*

पुण्याला मास्तर, संपत आणि मी, तिघं बरोबर गेलो. आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. दाराला काच होती, आतलं सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. तीन परीक्षक, मधे पांढऱ्या केसांचे मोठे सर.

रुक्मी एका जागी उभी राहिली, पाऊल हललं नाही. पळता तुकडा असा गेला की संपतनं माझा गुडघा दाबून धरला. शेवटचा सूर सरळ, न हलता. सर खूष झाले आणि बस्स म्हणून त्यांनी हात वर केला.

रुक्मीनं सोलो पहिल्यापासून सुरू केला. आणखी जोरात!

सरांनी दोन्ही हात वर केले. आता दोन्ही हात वर म्हणजे आमच्यात नवरदेवाचा बाप नाचायला उतरला! रुक्मी रंगातच आली. मी दार उघडून आत घुसायला उठलो. मास्तरांनी मनगट धरून मला खाली बसवलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

सूर परत संपला तेव्हा सर उठून उभेच राहिले. "अगं, मी थांब म्हणतोय, तू थांबत का नाहीस?"

रुक्मीनं ओढणीनं ओठ पुसले. "मांडव कुटं आलाय, सर?"

 सरांनी शेजारच्या दोघांकडं बघितलं. दोघांनी होकाराची मान डोलावली.

"आला, पोरी," सर म्हणाले. "ये आत."